रिटेन की बेटरमेंट?

यंदा नीटच्या निकालाचे पेढे संपायच्या आत आमच्या घरात दोन पक्ष पडले. भाचीला सीईटी सेलच्या, म्हणजे राज्याच्या प्रवेश यंत्रणेच्या, पहिल्या राउंडला वर्ध्याजवळचं सेवाग्रामचं मेडिकल कॉलेज लागलं. तिच्या पसंतीक्रमात त्याच्या वर मुंबईचं सायन होतं आणि दुसऱ्या राउंडला ते लागेल अशी चिन्हं होती. ज्यांच्या घरी ही वेळ आलेली नाही त्यांच्यासाठी सांगते: मिळालेल्या कॉलेजात प्रवेश घेऊन स्टेटस रिटेन्शनचा फॉर्म भरला की ती जागा तुमची, पुढच्या राउंडशी तुमचा संबंध संपला. फॉर्म भरला नाही आणि पुढच्या राउंडला वरची पसंती लागली, तर आधीची जागा आपोआप हातची जाते. मग परत फिरायची सोय नाही. पालकांच्या तोंडी या सगळ्याची दोनच नावं असतात, रिटेन आणि बेटरमेंट.

दादा बेटरमेंटच्या बाजूचा. "मुंबई ती मुंबई. एवढे मार्क पाडले ते काय वाया घालवायचे?" ज्या कॉलेजचा कट-ऑफ जास्त ते चांगलं, आणि आपले मार्क त्याहून जास्त असताना खालचं कॉलेज घेणं म्हणजे सुटे पैसे परत न घेता दुकानातून निघून येणं, असं बहुतेक पालकांना मनापासून वाटतं. वहिनी रिटेनच्या बाजूची, कारण अकोल्याहून वर्ध्याला सकाळच्या गाडीने डबा घेऊन जाता येतं आणि रात्री घरी परतता येतं. दोन्ही ठिकाणं एकाच रेल्वेमार्गावर. अकोल्याच्या फलाटावर उभं राहिलं की एका दिशेला मुंबई, दुसऱ्या दिशेला वर्धा. मी तालुक्याच्या गावी बाळंतपणं करते. शिकले घाटीत, म्हणजे औरंगाबादच्या शासकीय कॉलेजात (शहराचं नाव आता बदललंय, घाटीची घाटीच राहिली). तेव्हा "आत्या काय म्हणते ते ऐकू" असं ठरून फोन माझ्याकडे आला.

मी पहिलं सांगितलं ते हे की पहिल्या वर्षाचा विचारच करू नका. अ‍ॅनाटॉमी, फिजिऑलॉजी, बायोकेमिस्ट्री सगळीकडे तीच. पुस्तकं तीच, विद्यापीठ तेच, नाशिकचं, पेपरही तेच. फरक पडतो तो दुसऱ्या वर्षी पांढरा एप्रन घालून वॉर्डात पाय ठेवल्यावर. तिथे कोण शिकवतं, कोणाला शिकवतं आणि कोणत्या पेशंटवर शिकवतं, एवढंच बघायचं.

ही गोष्ट आपल्याकडे कोणी लिहून ठेवली नसली तरी एका मराठी बाईच्या चरित्रात ती दडलेली आहे. रखमाबाई १८८९ मध्ये इंग्लंडला गेल्या आणि लंडन स्कूल ऑफ मेडिसिन फॉर विमेनमध्ये शिकल्या. ते कॉलेज १८७४ मध्ये निघालं तेव्हा तिथे वर्ग होते, शिक्षक होते, शिकायला आसुसलेल्या बायका होत्या. नव्हते ते पेशंट. लंडनच्या मोठमोठ्या हॉस्पिटलांनी बायकांना वॉर्डात घ्यायला साफ नकार दिला होता. १८७७ मध्ये रॉयल फ्री हॉस्पिटलने दार उघडलं तेव्हा कुठे त्या कॉलेजातून खरीखुरी डॉक्टर बाहेर पडायची वाट झाली. रखमाबाई पुढे सुरतेला आणि राजकोटला वर्षानुवर्षं बायकांचे दवाखाने चालवू शकल्या, त्याच्या मुळाशी त्या वॉर्डाचं उघडलेलं दार आहे. मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज आणि जे. जे. हॉस्पिटल १८४५ मध्ये जोडीनेच सुरू झाले, तेही याच शहाणपणाने. आता आपण हे विसरलोय. आधी इमारत, आधी प्रवेश, पेशंट येतील सावकाश, असा उलटा क्रम लागला आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यात एकाच दिवशी दहा सरकारी मेडिकल कॉलेजांचं उद्घाटन झालं. त्यांचं पुढे भलं होवो. पण पहिल्या काही बॅचच्या मुलांनी काय बघायचं, हा प्रश्न त्या फितीबरोबर कापला गेला नाही.

भाचीच्या बाबतीत हा प्रश्न नव्हता. दोन्हीकडे पेशंटची रीघ आहे. सायनचं लोकमान्य टिळक हॉस्पिटल १९४७ मध्ये लष्कराच्या जुन्या बराकींत पन्नास खाटांवर सुरू झालं, १९६४ मध्ये त्याला कॉलेज जोडलं गेलं. शेजारी धारावी, समोर लोकलचे रूळ, जवळच महामार्ग. सेवाग्रामचं कॉलेज १९६९ चं, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षातलं, डॉ. सुशीला नायर यांनी उभं केलेलं. तिथे यवतमाळ, चंद्रपूर, पार तेलंगणाच्या सीमेपलीकडून माणसं येतात. दोन्ही हॉस्पिटलं कामाला जुंपलेली, दोन्हीकडचे शिक्षक नावाजलेले. मग निवडायचं कशावरून?

माझं मोजमाप असं की पेशंटच्या खाटेचा आकडा विचारू नये, खाट आणि विद्यार्थी यांच्यामध्ये किती माणसं उभी आहेत ते विचारावं. सायनला एमबीबीएसच्या दोनशे जागा, सेवाग्रामला शंभर. त्यात मोठ्या महानगरी हॉस्पिटलात प्रत्येक युनिटला पीजी करणारे ज्युनिअर रेसिडेंट, म्हणजे जेआर वन, जेआर टू, जेआर थ्री, वर लेक्चरर, काही विभागांत सुपरस्पेशालिटीचे रेसिडेंट. पेशंटच्या पोटावर पहिला हात त्यांचा. ते साहजिकच आहे, तेही शिकायलाच आलेले असतात. पण त्या रांगेत एमबीबीएसचं पोरगं शेवटी उभं असतं आणि इंटर्नशिपचं वर्ष रक्ताचे नमुने लॅबमध्ये पोचवण्यात आणि हरवलेले रिपोर्ट शोधण्यात निघून जातं, असं मला मोठ्या कॉलेजांतून आलेली कितीतरी मुलं सांगतात. सलाईन लावता येतं, नाकातून पोटात राईल्स ट्यूब टाकता येते. बाळंतपण मात्र त्यांनी लांबून बघितलेलं असतं. माझ्याकडे बाँडच्या, म्हणजे एमबीबीएसनंतरच्या शासकीय सेवेच्या, वर्षात जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आलेली मुलं रात्री अडीचला फोन करतात तेव्हा त्यांच्या आवाजावरून मला कळतं, याने लेबर रूममध्ये हात लावलेला आहे की नाही.

हात लावणं म्हणजे काय, ते मी भाचीला माझ्या इंटर्नशिपमधल्या एका रात्रीवरून सांगितलं. मेडिसिनला होते. फवारणीचे दिवस. कीटकनाशक पोटात गेलेला एक तरुण शेतकरी आणला होता. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, तोंडातून फेस, छातीत नुसती बुडबुड. ऑरगॅनोफॉस्फरसची विषबाधा. उपचार अ‍ॅट्रोपिन, हे पाठ होतं. रेसिडेंटने मला स्टुलावर बसवलं आणि म्हणाला, "छाती कोरडी होईस्तोवर दर पाच मिनिटांनी डोस दुप्पट. बाहुलीकडे बघून फसू नको, छातीला स्टेथो लाव." आणि तो दुसऱ्या वॉर्डात गेला. मग मी आणि तो पेशंट. अँप्युल फोडायची, द्यायचं, मनगटावर बोटं, छातीला स्टेथो, कागदावर नोंद, पुन्हा अँप्युल. ओल्या छातीचा आवाज कोरडा कसा होत जातो हे मला कुठल्याही लेक्चरने शिकवलं नसतं. तो आवाज एका जागी एकदम थांबत नाही, आधी वरच्या भागातून जातो, मग पाठीमागे तळाशी उरतो. पहाटे पहाटे त्याची छाती साफ झाली. थोड्या वेळाने तो चादर ओरबाडायला लागला, असंबद्ध बोलायला लागला, अंग तापलं. नातेवाईक म्हणाले, शुद्धीवर येतोय. सिस्टर लांबूनच म्हणाल्या, "डॉक्टर, अ‍ॅट्रोपिन जास्त झालंय, ड्रिप कमी करा." मी केली. ज्याने मला स्टुलावर बसवलं तो रेसिडेंट आणि लांबून बोलणाऱ्या त्या सिस्टर, त्या रात्रीपुरते माझं मेडिकल कॉलेज हे दोघंच होते.

२०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करता करता शेतकरी आणि मजूर दगावले तेव्हा सगळ्या देशाला हा विषय कळला. आमच्या भागात तो दर पावसाळ्यात असतो. साप, विंचू, सिकल सेल, स्क्रब टायफस, शेतातली विषबाधा: सेवाग्रामला शिकणारं पोर हे पेशंट बघतच मोठं होतं.

नुसतं बोलून काय होणार, म्हणून आम्ही दोन्हीकडे जाऊन आलो. भाचीला मी बजावलं होतं की हॉस्टेल, जिम, लेक्चर हॉल काही बघायचं नाही. ओपीडीच्या बाकावर बसायचं आणि कान उघडे ठेवायचे.

सेवाग्रामला सगळं हळू चालतं. हळू म्हणजे ढिम्म नव्हे. गर्दी आहे, रांग आहे, पण डॉक्टर खुर्ची ओढून बसतो. खादीतली मुलं इकडून तिकडे जात होती. पहिल्या वर्षाच्या मुलांना सुरुवातीला गांधीजींच्या आश्रमात राहावं लागतं, प्रार्थना, श्रमदान, सूतकताई. मग प्रत्येक बॅच एक गाव दत्तक घेते, तिथे शिबिर होतं, मुलांना कुटुंबं वाटून दिली जातात. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने कुटुंब दत्तक घेण्याचा उपक्रम आता सगळ्या कॉलेजांना लावला; सेवाग्रामला तो कितीतरी आधीपासून मुरलेला आहे. बाकावर आमच्या शेजारी बसलेले एक आजोबा आत गेले. दार अर्धवट उघडं होतं. "काय होते बाबाजी?" "हातापायाले मुंग्या येतेत न् लय थकवा वाटते." डॉक्टरने पुढचा प्रश्न विचारला तो "यंदा काय पेरलं?" भाचीला वाटलं, गप्पा मारतोय. मी तिला म्हटलं, ही गप्पा नाही, ही आजाराची हिस्टरी आहे. कापूस म्हटलं की फवारणी आली, फवारणी कोण करतं, तोंडाला काय बांधतं, पंप गळतो का, हे सगळं त्या एका प्रश्नामागून येतं.

सायनला कॅज्युअल्टीच्या बाहेर जेमतेम उभं राहायला जागा मिळाली. स्ट्रेचर, पोलीस, नातेवाईक, कोणाच्या तरी हातात चप्पल, कोणी फोनवर "ग्रुप कौनसा है" म्हणून ओरडतंय. आत एक इंटर्न मुलगी, फार तर तेवीस वर्षांची, एका बाईशी बोलायचा प्रयत्न करत होती. बाई तमिळ बोलत होती. मराठी चालेना, हिंदी चालेना. वॉर्डातल्या मावशी आल्या, धारावीत आयुष्य गेलेल्या. त्यांनी तमिळमध्ये दोन वाक्यं विचारली, उत्तर मराठीत इंटर्नला सांगितलं, आणि त्या पोरीने तेवढ्यावर पोट तपासून सर्जनला बोलावणं पाठवलं. तोवर लोकलमधून पडलेला एक मुलगा आला. तिने मान वर केली, एका नजरेत बघितलं आणि त्याला आधी आत घेतलं. कोण थांबू शकतो आणि कोण थांबू शकत नाही, हे तिला कळत होतं. ते सेवाग्रामच्या खुर्चीत बसून इतक्या लवकर कळत नाही, हे मी मान्य करते.

सायनबद्दल मला आणखी एका कारणाने आदर आहे. १९८९ मध्ये डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी तिथे आशियातली पहिली मातृदुग्ध पेढी सुरू केली. कमी दिवसांची, कमी वजनाची बाळं, आईला दूध येत नाही, वरचं दूध झेपत नाही, अशा वेळी दुसऱ्या आईचं पाश्चराइज केलेलं दूध. महागडं यंत्र नाही, परदेशी औषध नाही. गरिबांच्या हॉस्पिटलात रोज जे डोळ्यांना दिसत होतं त्यातून ते सुचलं. आम्हा बाळंतपणवाल्यांना यातलं मोठेपण जरा जास्तच कळतं.

परतीच्या गाडीत भाचीने मला कोंडीत पकडलं. "आत्या, तू म्हणतेस ते वॉर्डाचं सगळं पटलं. पण एमबीबीएस झाल्यावर पीजीच्या प्रवेशाची पीजी नीट आहे. दोनशे प्रश्न, चार पर्याय. त्यातल्या एकाही प्रश्नाला पेशंटच्या पोटावर हात ठेवावा लागत नाही." यावर काय बोलणार? शेवटच्या वर्षाचे वॉर्ड दोन्हीकडे ओस पडतात हे मलाही माहीत आहे. पोरं लायब्ररीत कानात इयरफोन घालून अ‍ॅपवरचे व्हिडिओ दीडपट वेगाने ऐकत असतात. लॉगबुकवर सह्या होतात, हजेरी भरते, आणि मायट्रल स्टेनोसिसचा, म्हणजे हृदयाची झडप अरुंद झाल्याचा, आवाज प्रत्यक्ष न ऐकता पोरगं डॉक्टर होतं. परीक्षेला केस म्हणून आणलेला जुना पेशंट घाबरलेल्या पोराच्या कानात हळूच आपलं निदान सांगतो, ही आमच्या वेळची गंमत होती. वर्षानुवर्षं परीक्षेला बसून त्या पेशंटची तयारी आमच्यापेक्षा चांगली असायची. तरी त्याच्या छातीला स्टेथो तरी लागायचा.

मी तिला एवढंच म्हटलं की पीजी नीटच्या अलीकडे बाँडचं वर्ष आहे. सरकारी कॉलेजात शिकलीस की एक वर्ष शासनाची सेवा, नाहीतर दहा लाख दंड. तिथे रात्री जेआर टू नसतो. तिथे एक सिस्टर, एक ड्रायव्हर, वीज असली तर असली, आणि एखादी पहिलटकरीण. ते वर्ष निभावेल असं शिक्षण एमबीबीएसला घे, आणि सायनला पीजी कर. गुंतागुंतीचं, दुर्मीळ, गंभीर ते पीजीला. रोजचं, साधं, पण स्वतःच्या हाताने केलेलं ते एमबीबीएसला. माझं मत मी कुठेही सांगेन, ते असंच आहे: पहिली साडेपाच वर्षं सेवाग्राम.

तिने खिडकीबाहेर बघत थोडा वेळ घालवला. मग म्हणाली, "त्या इंटर्नला जे येत होतं ते मला येत नाही. मला निवांत वेळ मिळाला की सगळं जमतं, घाईत हातपाय गळतात. मग मी जिथे घाई आहे तिथे नको का जायला?" हा मुद्दा माझ्या हिशेबात नव्हता. मी कॉलेजची तुलना करत होते, ती स्वतःची करत होती. तरीही मला तो पुरता पटला नाही. घाबरणाऱ्या मुलाला खोल पाण्यात टाकलं की ते पोहायला शिकतंच असं नाही; काही जण काठ धरून राहतात आणि वर्षं संपतात. मी ते बोलून दाखवलं. ती म्हणाली, "काठ धरला तर तू ओरड."

रिटेन्शनचा फॉर्म तिने भरला नाही. दुसऱ्या यादीत सायन लागलं. दादाने पुन्हा पेढे आणले, वहिनीने डब्याचा विषय काढून घेतला आणि मुंबईत चुलतभावाच्या घरून सायन किती लांब, यावर चौकशी सुरू केली.

मी तिला जी यादी दिली ती कॉलेजच्या माहितीपत्रकात नसते. युनिटचा इमर्जन्सी डे कोणता ते पाठ कर आणि त्या रात्री ड्यूटी नसली तरी जा. रेसिडेंटच्या मागे लाग, पण चहाच्या वेळी नको, राउंड संपून तो केसपेपर लिहायला बसला की, "सर, मी लिहू का?" म्हणालीस तर तो नाही म्हणणार नाही, आणि लिहिता लिहिता पेशंटशी बोलायला मिळेल. लेबर रूममधल्या सर्वांत जुन्या सिस्टर कोण ते शोध. पेशंट एकाच तक्रारीसाठी चार जणांना वेगवेगळं सांगतो. तू चौथी असलीस तर पहिल्या तिघांनी काय लिहिलंय ते वाचण्याआधी स्वतः विचार. वॉर्डातल्या मावशींना नावाने हाक मार. आणि तमिळमध्ये "कुठे दुखतंय", "कधीपासून", "उलटी झाली का", एवढं तरी शिकून घे.

तमिळचं तिने मनावर घेतलंय. मावशींवर सगळा भार नको, म्हणते. पहिल्या वर्षाची अ‍ॅनाटॉमी सुरू झाली आहे, फॉर्मेलिनने डोळे चुरचुरतात अशी रोजची तक्रार आहे. पहिलं क्लिनिकल पोस्टिंग पुढच्या वर्षी लागेल. तिने लिहिलेली पहिली हिस्टरी मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नकोस असं मी आत्ताच सांगून ठेवलंय, पेशंटची माहिती फोनवर फिरवायची नसते. सुट्टीत घरी आल्यावर तोंडी सांग म्हटलं, मी प्रश्न विचारीन. दादाला वाटतंय, आत्या-भाची बसून गप्पा मारणार आहेत.